मतदार यादीतलं माझं नाव

विमानतळाच्या दाराशी बाबांनी माझा पासपोर्ट मागून घेतला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. मागे ट्रॉल्यांची रांग लागलेली, आई माझी बाही धरून उभी, आणि दारावरचा जवान "चलिए अंकल, चलिए" करतोय. बाबांना त्याचं काही नव्हतं. "हे वाचलंस का तू?" त्यांनी मला विचारलं. "राष्ट्रपतींच्या नावाने विनंती केलीय की या माणसाला कुठे अडवू नका, गरज पडली तर मदत करा. देशाचे राष्ट्रपती तुझ्यासाठी शब्द टाकतायत, मिलिंद." मी म्हटलं, "हो बाबा, द्या आता." मला चारचौघांत लाज वाटत होती. तेव्हा लाजायचं कारण नव्हतं, हे आता कळतं.

बाबा फलटणला हायस्कूलमध्ये इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायचे. नागरिकशास्त्र म्हणजे वीस मार्कांचा विषय. मुलं ते पुस्तक परीक्षेच्या आदल्या दिवशी उघडतात आणि परीक्षेनंतर रद्दीत घालतात. बाबांना मात्र तो शंभर मार्कांचा वाटायचा. त्या दिवशीसुद्धा निरोपाचं काही बोलायचं सोडून त्यांनी धडाच काढला. "इंग्रज व्यापाराला आले आणि राहिले. तू कामाला चाललायस. काम कर आणि ये." इंग्लंडमधल्या रीडिंग शहरातली माझी पोस्टिंग दोन वर्षांची होती. "दोनच वर्षं बाबा," असं मी अगदी हसत हसत सांगितलं. त्या गोष्टीला सतरा वर्षं झाली.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे इकडे आले त्यांना पुढचं सांगायला नको. प्रोजेक्ट वाढतं, लग्न होतं, मूल होतं, मुलाची शाळा चांगली निघते. कुणी ठरवून राहत नाही. दर वर्षी परत जायचं एक वर्षाने पुढे ढकलायचं, एवढंच करायचं असतं. जे तिकडे राहिले त्यांना हे सगळं बनवाबनवीचं वाटत असेल. त्यांच्याशी मी वाद घालणार नाही, कारण माझ्या बाबतीत शेवटी ती बनवाबनवीच झाली.

पण आधी यादीचं सांगायला हवं.

मतदार यादी दुरुस्त करायचं काम तेव्हा शिक्षकांच्या गळ्यात असायचं. बाकीचे शिक्षक कुरकुरायचे, बाबा मात्र लग्नघरच्या कामाला निघाल्यासारखे निघायचे. बगलेत यादी, खिशात लाल पेन आणि छोटी पट्टी. सुट्टीत मला बरोबर घ्यायचे. दारोदार जाऊन विचारायचं: कोण वारलं, कोण सासरी गेली, कोण गाव सोडून गेलं, कोण अठरा वर्षांचं झालं. ज्या घरात कुणी गेलेलं असेल तिथे बाबा चपला काढून आत जायचे, पाणी प्यायचे, दोन शब्द बोलायचे, पण यादी उघडायचे नाहीत. गल्लीच्या तोंडाशी आलो की भिंतीला पाठ लावून पट्टीने सरळ लाल रेघ मारायचे. एकदा मी विचारलं, तिथेच का नाही मारली? म्हणाले, "घरच्यांसमोर नाव खोडायचं नसतं."

नियमाला ते फार कडक. त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, आमचा शरदकाका, पुण्याला राहायला गेला तेव्हा त्याचंही नाव त्यांनी त्याच वर्षी कमी केलं. काका म्हणाला, "दादा, राहू दे की, मी येईन मताला." बाबा म्हणाले, "जो इथे राहत नाही त्याचं नाव इथे नसतं." काका वर्षभर घरी आला नव्हता.

त्याच बाबांनी माझं नाव सतरा वर्षं यादीत ठेवलं.

ते निवृत्त झाल्यावर हे काम आमच्या वस्तीतल्या अंगणवाडीच्या शोभाताईंकडे आलं. त्या बाबांच्याच विद्यार्थिनी. दर वेळी त्या फाटकात उभ्या राहून विचारायच्या, "गुरुजी, मिलिंददादांचं काय करू? कमी करायचं का?" आणि बाबा म्हणायचे, "तो यायचाय. राहू दे." शोभाताईंना काय माहीत नव्हतं? पण गुरुजींपुढे कोण बोलणार. हे मला आईने सांगितलं, फोनवर, हसत. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं. आयुष्यात त्यांनी एकच नियम मोडला आणि तो माझ्यासाठी.

मी ब्रिटिश नागरिक कधी झालो, तर तीन वर्षांपूर्वी. का झालो, याची कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली. ऑफिसच्या कामाला जर्मनीत जावं लागतं. आमची लेक ईरा इथेच जन्मली, तिचा पासपोर्ट आधीपासून इथला. उद्या नियम बदलले तर काय, अशी धास्ती प्रत्येकालाच असते. ही सगळी खरी कारणं आहेत. पण निर्णय झाला तो ज्या आठवड्यात फ्रान्सच्या व्हिसाची अपॉइंटमेंट मिळाली नाही आणि ईराच्या हाफ टर्मच्या सुट्टीतली ट्रिप कॅन्सल करावी लागली त्या आठवड्यात. ईरा दोन दिवस तोंड फुगवून बसली. तिसऱ्या दिवशी मी फॉर्म उघडला. माझ्यासाठी शब्द टाकणाऱ्या राष्ट्रपतींना मी एका सहलीसाठी सोडलं, हे असं लिहिलं की फार वाईट दिसतं. पण ते तसंच आहे.

माझा मित्र संदीप लंडनमध्ये स्टॅनमोरला राहतो. त्याने खांद्यावर हात ठेवून समजूत घातली होती. "अरे, पासपोर्ट म्हणजे ट्रॅव्हल डॉक्युमेंट आहे रे फक्त. परदेशी भारतीयांचं ते ओसीआय कार्ड काढ, लाइफटाइम जा-ये कर. आपण आतून कुठे बदलतो? तू उगाच इमोशनल होतोयस." मी इमोशनल नव्हतो, घाबरलो होतो. बाबांना काय सांगायचं, हा प्रश्न संदीपला नव्हता. त्याच्या वडिलांनी त्याच्या नागरिकत्वाचे पेढे वाटले होते.

समारंभ कौन्सिलच्या एका हॉलमध्ये झाला. राजाचा फोटो, झेंडा, गळ्यात पदाची साखळी घातलेले कौन्सिलचे एक आजोबा, आणि आम्ही वेगवेगळ्या देशांतले तीसेक जण. सगळे नटूनथटून आले होते. माझ्या शेजारी अल्जीरियाची एक बाई होती. तिचा भाऊ फ्रान्समध्ये राहायचा. तिने मला हळूच सांगितलं की भावाने तिकडचं नागरिकत्व घेतलं तेव्हा त्यांच्या म्हाताऱ्याने त्याच्याशी बोलणं टाकलं, कारण म्हाताऱ्याने तरुणपणी फ्रेंचांचा मार खाल्ला होता. "माझं इंग्लंड आहे, त्यामुळे चालेल," ती म्हणाली आणि हसली. "तुमच्या घरी?" मी म्हटलं, आमच्याकडे सगळे खूश आहेत. घरच्यांबद्दल मी पहिलं खोटं बोललो ते तिच्याशी.

राजाशी आणि त्याच्या वारसांशी इमानाने वागेन, असं आम्ही एकसुरात म्हटलं. मी ओठ हलवले. राष्ट्रगीताला ईरा मागून खणखणीत आवाजात गात होती, शाळेत पाठ झालेलं. नंतर फोटो काढले, आणि मानसीने, माझ्या बायकोने, ते आमच्या ग्रुपवर टाकले. मी लगेच खाली लिहिलं, "प्लीज, इंडियातल्या कुणाला फॉरवर्ड करू नका."

त्याच दिवशी बाबांचा व्हिडिओ कॉल आला. मी अजून सुटातच होतो. "आज सूट? काही विशेष?" "ऑफिसचा कार्यक्रम होता," मी म्हटलं. "छान दिसतोस," बाबा म्हणाले. फोन ठेवल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन टाय सोडला आणि बराच वेळ तिथेच बसून राहिलो.

आईला मात्र सांगितलं. बाबा फिरायला गेलेले असताना.  ती म्हणाली, "तुझं तू सांग त्यांना. मी सांगणार नाही. पण विचारलंच तर खोटंही बोलणार नाही मी." म्हणजे तिचंही ओझं मीच वाढवून ठेवलं. त्यानंतर दोन वर्षं बाबांसमोर निवडणुकीचा विषय निघाला की ती उठून स्वयंपाकघरात जायची.

गेल्या दिवाळीला आम्ही फलटणला गेलो. माझा नवा पासपोर्ट लॅपटॉपच्या बॅगेत तळाशी. रंग साधारण जुन्यासारखाच निळा, त्यामुळे लांबून कळतही नाही. पाडव्याच्या दुपारी बाबांनी ईराला मतदार यादी दाखवायला घेतली. आमचं घर, त्याखाली तीन नावं: बाबांचं, आईचं, माझं. ईराने विचारलं, "आजोबा, माझी नाव पण येणार या लिस्टमध्ये?" बाबा म्हणाले, "अठरा वर्षांची हो, मग बघू." मानसी माझ्याकडे बघत होती. मी चकलीचा डबा उगाच उघडला आणि बंद केला.

विधानसभेचं मतदान आमच्या परतीच्या तिकिटानंतर चारच दिवसांनी होतं. बाबा म्हणाले, "सतरा वर्षांत कधी जमलं नाही. चार दिवस थांब. मत देऊन जा." ईराची शाळा होती म्हणून मानसी आणि ती गेल्या. मी तिकीट पुढे ढकललं. त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी मनात म्हटलं, त्या दिवशी पोट बिघडल्याचं सांगू. त्रेचाळीस वर्षांचा माणूस, एका कंपनीत चाळीस लोकांचा मॅनेजर, आणि शाळा बुडवणाऱ्या पोरासारखं पोटदुखीचं कारण शोधत बसलेला!

मतदानाच्या सकाळी बाबा सात वाजता तयार. इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशात तीन ओळखपत्रं. माझ्या ओळखपत्रावरचा फोटो एकविसाव्या वर्षीचा, नुकती मिसरूड फुटलेला. ते कार्ड त्यांनी प्लॅस्टिकच्या पाकिटात इतकं जपलं होतं की त्याची कडसुद्धा दुमडली नव्हती. ते बघून पोटदुखी तोंडाशी आली आणि तिथेच राहिली. मी त्यांच्याबरोबर चालू लागलो.

केंद्र म्हणजे बाबांचीच शाळा. बाहेरच्या टेबलाशी शोभाताई चिठ्ठ्या देत होत्या. "अगं बाई, दादा आले! गुरुजी, तुम्ही म्हणत होतात ते खरं केलं बघा त्यांनी." बाबांचा चेहरा कसा फुलला ते मी सांगू शकत नाही. मेरिटमध्ये आलो होतो तेव्हाही इतका फुलला नव्हता. आई बायकांच्या रांगेत गेली. बाबांना वयामुळे पुढे सोडत होते, पण ते म्हणाले, "मुलगा आलाय, आम्ही बरोबर उभे राहतो."

आमच्या पुढे दहा-बारा जण होते. मग आठ झाले. मग पाच.

"बाबा, मला मत देता येणार नाही."

"कार्ड आहे माझ्याजवळ," त्यांनी खिसा थोपटला.

"कार्डाचं नाही. मी तिकडचा नागरिक झालो. दोन वर्षं होऊन गेली."

ते समोर बघत राहिले, पुढच्या माणसाच्या पाठीकडे. मला वाटलं ऐकूच गेलं नाही. मग त्यांनी माझ्या हातातली चिठ्ठी घेतली, चौघडी केली आणि खिशात ठेवली. "बाजूला हो," म्हणाले. "रांग खोळंबते."

मी व्हरांड्याच्या कडेला उभा राहिलो, ज्या व्हरांड्यात पोरांना शिक्षा म्हणून उभं करायचे तिथेच. ते मत देऊन आले. शोभाताईंनी विचारलं, "दादांचं झालं?" बाबा म्हणाले, "त्याचं नाही." एवढंच. घरी येईपर्यंत रस्त्यात जो भेटला त्याच्याशी ते नेहमीसारखे बोलले. माझ्याशी नाही.

 आमचे चेहरे बघून आईने पानं घेतली. जेवण झाल्यावर बाबा म्हणाले, "आण बघू."

मी पासपोर्ट आणून दिला. त्यांनी चष्मा खाली ओढला आणि विमानतळावर वाचला होता तसाच, पहिल्या पानापासून वाचला.  मग म्हणाले, "अडवू नका, मदत करा. मजकूर तोच आहे. तिथे राष्ट्रपती होते, इथे राजा. आपण यांचंच बघून लिहिलेलं दिसतंय." आणि थोडंसं हसले. पेपर तपासताना कॉपी सापडली की हसायचे तसे. मला ते हसणं ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

"शपथ घ्यावी लागली असेल."

"हो."

"म्हण."

आमच्या बैठकीच्या खोलीत, पाटावर बसलेल्या आईसमोर, मी इंग्रजीत शपथ म्हणायला लागलो. बाबा मान खाली घालून ऐकत होते. "राजाशी आणि त्याच्या वारसांशी" इथपर्यंत आलो आणि पुढचं आठवेना. परत सुरुवातीपासून म्हटलं. परत तिथेच अडकलो.

"पाठ नाही?" बाबांनी मान वर केली. "म्हणजे मनापासून नाही घेतलीस. मग घेतलीस कशाला?"

 फ्रान्सच्या ट्रिपचं मी काय सांगणार होतो?

"मत तरी देतोस का तिथे?"

यावर खोटं बोलता आलं असतं. पण खोटं आधीच पुष्कळ झालं होतं. "नाही," मी म्हटलं. खरं तर इथे मत द्यायला आम्हाला नागरिक व्हावं लागत नाही. जे देश एके काळी त्यांचे होते त्यांतल्या बहुतेकांना तो हक्क आधीच आहे. सतरा वर्षं माझ्या दारात पोलिंग कार्ड पडतंय. मी ते मॅग्नेटखाली फ्रिजवर लावतो आणि निवडणूक झाली की रिसायकलिंगमध्ये टाकतो.

हे ऐकल्यावर मात्र बाबांचा आवाज पहिल्यांदा चढला. "इथे मी सतरा वर्षं खोटं बोलून तुझं नाव ठेवलं. शरदचं खोडलं, तुझं ठेवलं. आणि तू तिथेही नाहीस, इथेही नाहीस. इथलं राहिलं ते राहिलं. तिथलं तरी नीट कर." आणि पासपोर्ट माझ्या हातात दिला. फेकला नाही. नीट दिला, दोन्ही हातांनी, दाखला देतात तसा.

संध्याकाळी मी फोनवर नाव वगळायचा अर्ज शोधून काढला. वाटलं, निदान हे तरी आपण करावं, त्यांना शोभाताईंपुढे खाली बघायला लागू नये. "बाबा, ऑनलाइन होतं हे. आत्ता भरून टाकतो." ते पेपर वाचत होते. "राहू दे," म्हणाले. "तू गेल्यावर बघू."

मला वाटलं, अजून मन तयार नाही त्यांचं. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या गाडीत बसलो, फलटण मागे पडलं, आणि एकदम ती गल्लीच्या तोंडाशी भिंतीला टेकून मारलेली रेघ आठवली. ड्रायव्हरने आरशातून बघून विचारलं, "साहेब, बरं नाही का? थांबवू का गाडी?" मी म्हटलं, नको, चालू दे.

यंदा मे महिन्यात कौन्सिलची निवडणूक झाली. मी ऑफिसला जायच्या आधी चर्चच्या हॉलमध्ये गेलो. रांग नव्हतीच. एका आजीबाईंनी माझा पासपोर्ट बघितला, यादीत माझ्या नावावर पट्टी ठेवून पेन्सिलने रेघ मारली, म्हणजे हा येऊन गेला. त्यांनी ती पट्टी उचलेपर्यंत मी तिच्याकडेच बघत होतो. पडद्याआड सुतळीला बांधलेली पेन्सिल होती. उमेदवारांची पत्रकं मी आदल्या आठवड्यात वाचली होती, कचऱ्याच्या गाड्यांपासून बसच्या वेळांपर्यंत सगळी. फुली मारली. शपथही आता पाठ आहे, हे कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथे लिहितो.

त्या रविवारी बाबांना सांगितलं. त्यांनी स्क्रीनजवळ तोंड आणलं. "बोट दाखव."

"इथे शाई लावत नाहीत बाबा."

"मग मी कशावरून खरं मानू?" त्यांनी सहज विचारलं असेल. मला तसं वाटलं नाही.  तेच मग म्हणाले, "बरं. मानलं."

मी विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी विचारलं. "बाबा, तो अर्ज?"

"दिला. जानेवारीतच. काम झालं."

"कारण काय लिहिलंत?"

आई त्यांच्या मागे उभी होती. या वेळी ती स्वयंपाकघरात गेली नाही.

"चौकटी असतात त्यात," बाबा म्हणाले. "मयत, स्थलांतरित, भारताचा नागरिक नाही, अशा. एका चौकटीत खूण करायची."  "स्थलांतरितवर केली."

"पण नागरिक नाही हेच..."

"दोन्ही खरं आहे. खोटं काही लिहिलं नाही मी," ते म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. "गाव सोडून गेलेल्याचं नाव परत लावता येतं. सोपं असतं ते."

मला लोक विचारतात, तुझं घर कुठलं? कधी रीडिंग म्हणतो, कधी फलटण, विचारणारा कोण आहे त्यावर. पण माझ्यापुरतं आता ठरलंय. फलटणच्या घरावर यादीत दोनच नावं उरली आहेत. त्यातल्या एका माणसाने माझं तिसरं नाव खोडायला मी विमानात बसेपर्यंत वाट बघितली, म्हणजे त्याच्या लेखी मी अजून घरचाच आहे.